संदर्भतारा

१

माझं काम दिवसाचं आहे. हे सांगितलं की लोकांचा विरस होतो. वेधशाळेत काम करणारी बाई म्हणजे अंधारात दुर्बिणीला डोळा लावून बसलेली, असं त्यांच्या डोक्यात असतं. दुर्बीण चालवणारे वेगळे. मी सकाळी येते तेव्हा आदल्या रात्रीच्या प्रतिमा संगणकावर येऊन पडलेल्या असतात. त्यांतल्या ताऱ्यांच्या जागा मी मोजते. खोलीला एक खिडकी, एक पंखा, आणि पंख्याला एक कुरकुर. बाकी शांतता.

मी आपल्या सूर्याच्या शेजारपाजारचे तारे बघते. त्यांतले पुष्कळ जोडीने राहतात, काही तिघे मिळून. एवढे जवळचे असूनही त्यांच्या घरात नेमकी किती माणसं आहेत, हे आपल्याला धड माहीत नाही. एखादा सोबती इतका मंद असतो की तो दिसतच नाही. पण त्याच्या ओढीने दिसणारा तारा सरळ न जाता किंचित झोकांड्या खातो. दारू न पिता झुलत जाणारा माणूस दिसला की समजावं, त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. त्या झुलण्यावरून हाताचं वजनही काढता येतं.

हे शिकायला मी फार लांब गेले होते, आणि गेले होते ती परत येण्यासाठीच. तिकडच्या मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षं बघत बसायला फुरसत नसते. आमच्या जुन्या, छोट्या दुर्बिणीला असते. "चिकाटी ही गरिबाची दुर्बीण आहे," असं मी मुलाखतीत म्हणाले होते. समोरचे सगळे गंभीर राहिले, एक जण मात्र खो खो हसले, आणि त्यांनीच मला घेतलं. ते आमचे सर.

परत यायचं ठरलेलंच होतं. बाबांना झटका आला, त्यांची डावी बाजू गेली, म्हणून लवकर आले. विमानात रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तेव्हापासून काही फारसं येतच नाही. आई म्हणते, दमली आहेस, झोप काढ. मी झोप काढते. उठल्यावरही तसंच असतं, दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल असतो तसं.

२

बाबांचा पलंग आता बाहेरच्या खोलीत आहे. पलंगापासून रस्त्याकडच्या खिडकीपर्यंत व्यायामाच्या बाईंनी जमिनीवर निळी चिकटपट्टी लावली आहे. बाबांनी काठी घेऊन त्या पट्टीवरून चालायचं. काठी, उजवा पाय, मग फरफटत डावा. टक, धप, सर्र. मी दुपारी लवकर घरी येते आणि पट्टीच्या बाजूला खुर्ची टाकून बसते.

"चला, काका, रुळावरून गाडी सोडा," बाई म्हणतात.

"इंजिन जुनं आहे," बाबा म्हणतात. त्यांची जीभ अजून जड आहे. 'इंजिन' ऐकायला कान सरावावा लागतो.

"जुनी इंजिनंच घाट चढतात. चला."

बाबा पट्टीवरून नीट येतात. माझ्या खुर्चीशी आले की पट्टी सोडतात, समोरच्या भिंतीकडे बाजूला होतात, एक माणूस मावेल एवढी जागा सोडून पुढे जातात, आणि पुन्हा पट्टीवर येतात.

"काका, हे काय? वळसा कशाला?"

बाबा बाईंकडे बघतात, तोंड वाकडं करून हसतात. पाहुण्यांसमोर माणूस हसतो तसं.

मला वाटलं, खुर्ची आड येते. पाय अडकेल अशी त्यांना भीती वाटत असणार. म्हणून खुर्ची मागे सरकवली, भिंतीजवळ नेली, मागून एक माणूस जाईल एवढीच जागा ठेवून. आता माझ्या आणि पट्टीच्या मधे चांगली मोकळी फरशी होती. बाबांनी पुन्हा वळसा घातला. तेवढाच. मोकळ्या फरशीला, माझ्या डाव्या हाताला.

३

त्याच आठवड्यात मला माझं पहिलं यश मिळालं.

एक त्रिकूट होतं. दोन तारे एकमेकांना धरून, तिसरा जरा लांबून त्या दोघांभोवती. त्यांच्या सगळ्या माहीत असलेल्या हालचाली आकडेमोडीतून वजा केल्या की शेष शून्य उरायला हवा. माझा शेष शून्य नव्हता. मोठा तारा एका लयीत डुलत होता. हळू, नेमानं. तिथे चौथा कुणीतरी होता.

मी धावत सरांच्या खोलीत गेले. मला आनंद झाला होता, असं मी म्हणेन. छातीत धडधड होती, हात गार होते, लक्षणं सगळी बरोबर होती.

"अरे वा, परदेशी पाहुणीबाई! आल्या आल्या शिकार?" सर म्हणाले. "आता असं कर. उरलेल्या दोघांनाही मोज. ते काय म्हणतात बघू. एकाच साक्षीदारावर फाशी द्यायची नसते."

घरी येऊन आईला सांगितलं. ती चहा घेऊन स्वयंपाकघरातून आली. दारातून माझी खुर्ची सरळ रेषेत आहे. आई सरळ आली नाही. खुर्चीच्या मागून फिरून आली आणि उजव्या बाजूने कप दिला.

"अशी मागून का आलीस?"

"कुठे मागून? सरळ तर आले. बरं सांग, सापडलं म्हणजे नेमकं काय सापडलं? दिसलं का?"

"दिसत नाही गं. पण आहे."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "न दिसणारी कामं आम्ही जन्मभर केली, आम्हाला कुणी बक्षीस नाही दिलं."

मग मी बघू लागले. आई दर वेळी मागून येत होती. व्यायामाच्या बाई बाबांचा डावा दंड धरायला वाकत, तेव्हा माझ्या डाव्या बाजूला जागा असूनही उजवीकडून अंग चोरून शिरत. कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, घरात आजारी माणूस असलं की सगळेच जरा बाजूने चालायला शिकतात. पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

४

आई भाजी आणायला गेली होती. मी आणि बाबा दोघंच होतो. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, मी खुर्चीत.

"चिमणे," बाबा म्हणाले.

"काय, बाबा?"

"तिला बस म्हण ना. आल्यापासून उभीच आहे."

ते शब्द अगदी स्वच्छ आले. इतके दिवस जीभ अडखळत होती, ती कुठेच अडखळली नाही.

"कुणाला, बाबा?"

त्यांनी माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघितलं, आणि मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत भीती नव्हती, मला शिस्त नाही याचं थोडं वाईट वाटणं होतं. लहानपणी मी मैत्रिणीला दारातच उभं ठेवून आत पळायचे, तेव्हा ते असंच बघायचे.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, झटक्यानंतर कधी कधी एकाची दोन दिसतात, काळजी नको, हळूहळू जाईल. मला हायसं वाटलं. सुटसुटीत कारण होतं. बाबांना विचारलं, "आई दोन दिसतात का हो तुम्हाला?"

"छे," बाबा म्हणाले. "एकच. तेवढं नशीब."

"पडद्याच्या आड उभी राहून ऐकतेय मी," आई दारातून पिशवी ठेवत म्हणाली.

बाबा हसले, आई हसली. मीही हसले, पण हसता हसता हिशेब केला. डोळ्यांचा दोष असता तर आईही दोन दिसायला हव्या होत्या. दोन व्यायामाच्या बाई, दोन पंखे. दुसरी फक्त माझ्याजवळ होती.

५

बाबा पडले तेव्हा ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं. ते खिडकीशी पोचत आले होते. त्यांची काठी जराशी घसरली, आणि मी खुर्चीतून उठून त्यांना धरायला गेले. मी गेले नसते तर त्यांनी तोल सावरला असता, असं बाई नंतर म्हणाल्या. मी जवळ येताना बघून बाबा एकदम मागे सरले. अरुंद जिन्यात समोरून दोन माणसं आली की आपण भिंतीला लागतो, तसे. डावा पाय मागे गेलाच नाही. ते कुशीवर पडले. फार मोठा आवाज झाला नाही.

बाईंनी त्यांना आडवं केलं, पाय तपासला, कंबर दाबून बघितली. आई तोंडावर हात धरून उभी होती. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तिला लागलं का?"

"कुणाला लागायचंय? तुम्हालाच लागलंय," आई रडत ओरडली. "भ्रमिष्टासारखं काहीतरी बोलू नका."

खुब्याला मुका मार होता, मोडलं नव्हतं. जाताना बाई जिन्यात थांबल्या. नेहमीची थट्टा त्यांच्या आवाजात नव्हती. "ताई, स्पष्ट सांगते. या वेळी निभावलं. पुन्हा पडले आणि खुबा मोडला, तर मग पलंग तो पलंग. काकांची उमेद मोठी आहे. तेवढी जपा."

बोलताना त्या माझ्या उजव्या बाजूला, जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभ्या होत्या. डावीकडे सगळी पायरी रिकामी होती.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी कुणाचाही आधार न घेता खिडकीपर्यंत जावं. बाकी ताऱ्यांचं काय ते ताऱ्यांनी बघावं.

६

तरी काम सोडून चालत नाही. सरांनी सांगितलं होतं तसं मी त्रिकुटातल्या बाकीच्या दोघांना मोजलं. दुसरा डुलत होता. लांबचा तिसराही डुलत होता. मी तिन्ही आलेख सरांसमोर ठेवले.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघितलं.

"तिघेही एकाच वेळी उजवीकडे. एकाच वेळी डावीकडे. तेवढेच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिघांना एकदम उचकी लागते का गं? एवढी कोण आठवण काढतंय त्यांची?"

मी आलेख जवळ ओढून पुन्हा बघितले.

"चालत्या गाडीतून झाडं पळताना दिसतात. म्हणून झाडांना पाय फुटलेत, असं लिहायचं? तू या तिघांच्या जागा कशापासून मोजल्यास?"

"संदर्भताऱ्यापासून." प्रतिमेत बाजूलाच दिसणारा, पण फार दूर मागे असलेला एक तारा. तो जागचा हलत नाही असं धरायचं आणि बाकीच्यांची अंतरं त्याच्यापासून मोजायची. मीच निवडला होता. चांगला ठसठशीत होता.

"आणि तो स्थिर आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी धरलं."

"धरलंस ना? झालं तर. या तिघांना काही झालेलं नाही, बाळा. ते बिचारे आपापल्या वाटेने सरळ चाललेत. सोबती आहे तो तुझ्या संदर्भताऱ्याला. आपण जिथे पाय रोवून उभे राहतो ना, ते सोडून सगळं जग तपासतो." ते प्रेमाने बोलत होते. ही चूक आमच्या धंद्यात प्रत्येक जण एकदा करतो. "पाणी पी. चेहरा बघ कसा झालाय. एवढ्याने कुणी मरत नाही."

मी पाणी प्यायले. बाबा, आई, व्यायामाच्या बाई. तिघं. सगळी मोजमापं मी एकाच खुर्चीत बसून घेतली होती.

७

पडताळा घेणं सोपं होतं. मी कामावर असताना बाबांनी सकाळी केलेल्या फेऱ्या आई फोनवर चित्रफितीत टिपून मला पाठवत असे, मला बरं वाटावं म्हणून. मी त्या कधी नीट बघितल्या नव्हत्या. आता दार लावून एकेक बघितली.

खुर्ची भिंतीजवळ, रिकामी. बाबा पट्टीवरून येतात. टक, धप, सर्र. खुर्चीशी येतात. पट्टी सोडत नाहीत. सरळ जातात. सगळ्या फेऱ्यांत सरळ. एका फेरीत आई त्यांच्यापुढून, नेमक्या त्याच मोकळ्या फरशीवरून, पदर खोचत धावत जाते. मागून नाही, वळसा नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशीची फेरी आली. तिच्यात मी होते, खुर्चीत बसलेली, टाळ्या वाजवणारी. बाबांनी वळसा घातला. माझ्या बाजूला काहीच नव्हतं. फरशी, भिंत, पडद्याची कड.

आमच्यात एक साधी युक्ती असते. तेजस्वी ताऱ्याला चिकटून असलेला मंद सोबती बघायचा असेल, तर तेजस्वी ताऱ्यासमोर छोटी चकती धरायची. त्याचा प्रकाश झाकला की डोळ्याला बाजूचं दिसू लागतं. मी चित्र थांबवलं आणि फोनच्या काचेवरच्या स्वतःवर अंगठा ठेवला. माझं डोकं, हात, मांडी, सगळं झाकलं गेलं.

अंगठ्याच्या कडेला एक खांदा होता. जरा पुढे झुकलेला, कुणी मन लावून ऐकत असताना झुकतं तसा.

मी अंगठा उचलला. खिडकीच्या पडद्याची घडी होती, वाऱ्याने पुढे आलेली. तशी घडी पडू शकते. मी पुन्हा अंगठा ठेवला नाही. फोन पालथा घातला आणि बसून राहिले. घाबरायला हवं होतं. मला फक्त एवढंच वाटलं की ही सोबत विमानातही असणार, आणि तिकडच्या खोलीतही, आणि इतकी वर्षं तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

८

मी वेधशाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला गेले. आईला सांगितलं, कामाचा भार आहे. ती चिडली. "सातासमुद्रापलीकडून आलीस ती कशाला? त्या तारांगणात झोपायला?" मी म्हटलं, थोडेच दिवस. मी निघाले तेव्हा बाबा दाराकडे बघतही नव्हते, खुर्चीकडे बघत होते.

मी नसले की त्यांच्या वाटेत कुणी नसेल, हा माझा हिशेब बरोबर निघाला. बाबा भराभर सुधारले. आई रोज फोन करायची. काठी आता नावाला आहे. जीभ सुटली आहे. "दिवसभर बडबड चालू असते एकट्याची. मी आत असले तरी बाहेर गप्पा चालूच. आणि एक सांगू? आधी सारखं विचारायचे, चिमणी कधी येणार, चिमणी कधी येणार. आता नावही काढत नाहीत, मेले. बघ, लेकीला विसरले."

"बरं वाटतंय ना त्यांना," मी म्हटलं. "मग झालं."

सरांबरोबर मी नवा संदर्भतारा निवडला. नवे आलेख स्वच्छ आले. सर ते बघायला माझ्या टेबलाशी आले, माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि खांद्यावरून वाकून पडद्यावर बोट ठेवत म्हणाले, "शाब्बास! आता जरा त्रिकुटांचं गणित वाच. बाहेरचा कुणी जोडीच्या फार जवळ आला, की पुष्कळदा तो आत शिरतो आणि आधीचा एक जण बाहेर फेकला जातो. बहुधा सगळ्यांत हलका असतो तो." त्यांच्या सदऱ्याची बाही माझ्या डाव्या दंडाला लागत होती. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी इतकं जवळ उभं होतं. मला ते आवडलं. आवडण्यापलीकडे मी काही विचार केला नाही.

व्यायामाच्या बाईंनी दिवस ठरवला. बाबा काठी न घेता, कुणाचाही हात न धरता खिडकीपर्यंत येणार होते. आईने बजावलं, "आज आली नाहीस तर तोंड दाखवू नकोस." मी गेले, पण वर गेले नाही. खालून फोन केला की मी रस्त्यावर उभी आहे, बाबांनी खिडकीशी यावं, मला तिथून बघायचंय.

"वेडी आहेस का? वर ये!"

"आई, ऐक ना. एवढं ऐक."

टळटळीत दुपार होती. समोरच्या दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. मी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत होते. फोन कानाला होता, त्यातून खोलीतले आवाज येत होते. बाई म्हणाल्या, "चला, काका." मग पावलं. टक नव्हतं, काठीच नव्हती. धप, धप. सर्रही नव्हतं. आई हळू आवाजात मला सांगत होती, "निघाले... निम्म्यावर आले... अगं, काय सरळ चालतायत, बघायला हवं होतंस..."

आणि बाबा खिडकीत आले. पूर्ण उभे. दुपारचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं आणि ते हसत होते, दोन्हीकडून, तोंड वाकडं न होता. त्यांच्या उजव्या हाताला आई आली, तिच्या मागे व्यायामाच्या बाई. मी हात हलवला. बाबांनी मला बघितलं. कुणीतरी ओळखीचं रस्त्याने जाताना दिसावं, तशी त्यांनी मान डोलावली.

"बघितलंस ना?" आईचा आवाज भरून आला होता. "एकट्याने! बाई म्हणतात, चमत्कार आहे."

मी म्हणाले, "हो."

मग बाबा थकले असावेत. ते कलले. उजवीकडे नाही, जिथे आई होती, खिडकीची चौकट होती. डावीकडे कलले, लुळ्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं. विसावा घ्यावा तसं सगळं अंग त्यांनी त्या बाजूला सोडून दिलं. तसा कललेला माणूस पडतो. मी ओरडायला तोंड उघडलं.

ते पडले नाहीत. तसेच राहिले, तिरके, निवांत, मान किंचित झुकवून. आणि आई त्यांच्या जवळ सरकताना डावीकडची ती जागा सोडून, मागून फिरून आली.

मी फोन कानाला धरून उन्हात उभी होते. सवयीने त्यांच्या कलण्याचा कोन बघितला, आणि सवयीनेच हिशेब झाला. त्यांना पेलून धरणाऱ्याचं वजन निघालं. साधारण माझ्याएवढं.